कळप, मंडळी, गाव

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे "विचार मांडतील" असं छापलं आहे. एवढे मोठे विचार माझ्यापाशी नाहीत. मी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यातली शेवटची नऊ आश्रमशाळेत. त्यामुळे मला शब्द फोडून दाखवता येतो, तेवढंच. आज एकच शब्द फोडणार आहे, आणि तो तुमच्याच हातातल्या निमंत्रणावर आहे. इंग्रजी बाजूला लिहिलंय, सर्वांनी सकाळी दहा वाजता 'काँग्रिगेट' व्हावं. मराठी बाजूला त्याच ओळीत "एकत्र जमावे" असं आहे. दोन्ही बरोबर. पण या दोन शब्दांच्या पोटात वेगवेगळी माणसं बसली आहेत, आणि आपण ज्या कामासाठी इथे आलो त्याच्याशी त्यांचा फार जवळचा संबंध आहे.

'काँग्रिगेट' हा शब्द लॅटिनमधून आला. त्यात पुढे 'कॉन' म्हणजे सोबत, आणि मागे 'ग्रेक्स' म्हणजे कळप. मेंढरांचा, गुरांचा, कसलाही कळप. तेव्हा मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ झाला 'कळपात आणणे', 'हाकून एका जागी करणे'. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे क्रियापद सकर्मक आहे. मेंढरं स्वतः काँग्रिगेट होत नाहीत, धनगर त्यांना करतो. काठी त्याच्या हातात, कुत्रं त्याच्या पायाशी. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकात आला तेव्हाही तो 'एकत्र आणणे' असाच आला. 'आपण होऊन एकत्र येणे' हा अर्थ पुढच्या, सोळाव्या शतकात रुळला. आज इंग्रज माणूस हा शब्द वापरतो तो बहुधा याच दुसऱ्या अर्थाने. म्हणजे या क्रियापदाच्या आयुष्यात केव्हातरी धनगर बाजूला झाला आणि मेंढरं आपल्या पायांनी चालत आली. व्याकरणाच्या तासाला हा बदल एका ओळीत सांगून होतो. माणसांच्या जगात त्याला किती वेळ लागतो ते पुढे बोलूच.

मराठीत आपल्याकडे या दोन्हींसाठी जोडीच आहे. जमवणे आणि जमणे. गोळा करणे आणि गोळा होणे. "माणसं जमवली" म्हटलं की जमवणारा कोण हा प्रश्न येतोच. "माणसं जमली" म्हटलं की तो प्रश्न उरत नाही.

याच 'ग्रेक्स'ची बाकीची लेकरंही ओळखीची आहेत. माणसांत रमणारा तो 'ग्रिगेरियस', म्हणजे कळपात राहणारा. 'अ‍ॅग्रिगेट' म्हणजे कळपाला जोडत जोडत केलेली बेरीज. हल्ली मुलांच्या मार्कांना आपण हाच शब्द लावतो. 'एग्रीजियस'ची गंमत वेगळी आहे. त्याचा मूळ अर्थ 'कळपातून वेगळा उठून दिसणारा', म्हणजे थोर, असामान्य. पण इंग्रजांनी तो उपरोधाने वापरायला सुरुवात केली आणि उपरोधच पुढे अर्थ होऊन बसला. आता तो शब्द फक्त भयंकर चुकीला किंवा निर्लज्ज वागण्याला लावतात. कळपातून वेगळं दिसणाऱ्याचं जगात शेवटी काय होतं, ते त्या एका शब्दात आलं. वसईकडच्या मंडळींना वाटेल की ग्रेगरी हे नावही यातलंच. नाही. ते ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ जागा राहणारा. आणि 'काँग्रेस' हा शब्द दिसायला भाऊ वाटतो, पण त्याचं मूळ 'पाऊल टाकणे' असं आहे. एकत्र चालत येणारे ते काँग्रेस.

एक लेकरू मी मुद्दाम मागे ठेवलं. 'सेग्रिगेट'. 'से' म्हणजे अलग. कळपातून बाहेर काढणे. काँग्रिगेट आणि सेग्रिगेट सख्खे भाऊ आहेत, एकाच कळपाच्या शब्दातून निघालेले. एक आत घेतो, दुसरा बाहेर काढतो. आणि इतिहास पाहिला तर हे दोघे भाऊ बरेचदा एकाच छपराखाली राहिलेले दिसतात.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची गोष्ट आहे, अठराव्या शतकाच्या शेवटची. तिथल्या सेंट जॉर्ज मेथडिस्ट चर्चमध्ये रिचर्ड अ‍ॅलन आणि अ‍ॅबसलम जोन्स हे दोघे कृष्णवर्णीय विश्वासणारे उपासनेला जात. एके दिवशी प्रार्थना चालू असताना, जोन्स गुडघ्यांवर असताना, चर्चच्या कारभाऱ्यांनी त्यांना उठवायला सुरुवात केली, कारण ती जागा त्यांच्यासाठी नव्हती. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असं जोन्स म्हणाले. कारभारी थांबले नाहीत. प्रार्थना संपली तशी ही सगळी माणसं उठून बाहेर पडली. अ‍ॅलन यांच्या पुढाकाराने 1816 मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं, ते आजही आहे. पुढे मार्टिन ल्यूथर किंग अनेकदा म्हणत की ख्रिस्ती अमेरिकेत सर्वांत जास्त वेगळेपणाचा तास कुठला, तर रविवारी सकाळी अकराचा. त्या तासाला सगळा देश काँग्रिगेट होत होता, आणि त्याच तासाला सेग्रिगेटही.

अमेरिकेचं सांगितलं म्हणून आपण सुटत नाही. शब्दकोशात 'सेग्रिगेट'ला 'विलग करणे', 'पृथक् करणे' असे प्रतिशब्द दिलेत. मी वर्गात ते शिकवलेही. पण मराठी माणसाला तो अर्थ पोटातून कळतो तो दुसऱ्याच शब्दाने. गावकुसाबाहेर. आपल्यातल्या कित्येक कुटुंबांच्या आज्यापणज्या त्या कुसाबाहेरून आल्या आहेत, त्यामुळे मला हा शब्द तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

आता हे 'गाव' काय आहे ते बघा. गाव हा शब्द संस्कृत 'ग्राम' वरून आला, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण भाषांचं कूळ शोधणारे अभ्यासक पुढे जाऊन सांगतात की हा 'ग्राम' आणि तो लॅटिन 'ग्रेक्स' बहुधा एकाच जुन्या धातूतून आले असावेत, आणि त्या धातूचा अर्थ होता 'गोळा करणे'. अशी नाती हजारो वर्षांमागची असतात, त्यामुळे 'बहुधा' हा शब्द मी गाळत नाही. पण संस्कृतमध्येच याला भक्कम आधार आहे. जुन्या वाङ्मयात ग्राम म्हणजे घरांची वस्ती नव्हे, माणसांचा समूह. शतपथ ब्राह्मणात शर्यात मानव नावाचा माणूस आपल्या ग्रामासह भटकत असतो. घरं घेऊन कोणी भटकत नाही. विल्हेल्म राऊ या जर्मन पंडिताने दाखवलं की वेदकाळात ग्राम म्हणजे गाड्या आणि गुरं घेऊन चालणारा माणसांचा तांडा. असे दोन तांडे समोरासमोर आले की तो 'संग्राम'. आधी नुसतं एकत्र येणं, आणि मग चाऱ्यापाण्यावरून जे व्हायचं ते! गीतेत सगळ्या प्राणिमात्रांना मिळून 'भूतग्राम' म्हटलंय. गाण्यातला षड्जग्राम म्हणजे स्वरांचा समूह. सगळीकडे तोच अर्थ आहे, एकत्र असलेले.

म्हणजे आधी माणसं, मग घरं, मग हद्द, आणि हद्दीवर कूस. ज्या शब्दाचा अर्थ 'एकत्र आलेले' असा होता, त्याच्याच भोवती भिंत बांधून आपण कोणालातरी बाहेर ठेवलं.

अथेन्समध्येही थोडंसं असंच झालं. ग्रीक 'अगोरा' हा शब्द याच धातूचा. लोक जमायची जागा, आणि माणसं जमली की भाजी-मासळी विकणारे येतातच, म्हणून पुढे बाजार. प्रेषितांची कृत्ये सतराव्या अध्यायात पौल अथेन्सच्या ज्या बाजारात रोज भेटेल त्याच्याशी वाद घालतो, ती हीच अगोरा. आपल्या सातपुड्यात होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, धडगावला वगैरे. तिथे कोण काय विकायला आलं आहे आणि कोण नुसतंच भेटायला, हे सांगता येत नाही. ढोल आहेत, फुटाणे आहेत, सासरी गेलेली बहीण भेटते. त्याला कोणी निमंत्रणपत्रिका काढत नाही.

या शब्दावरून एक माणूस प्राणाला मुकला असं म्हटलं तर ते अर्धं खरं होईल. तो अर्धा भाग सांगते. विल्यम टिंडेलने 1526 मध्ये नवा करार मूळ ग्रीकवरून इंग्रजीत छापला, इंग्लंडमध्ये नव्हे, जर्मनीत, कारण इंग्लंडमध्ये मनाई होती. ग्रीकमध्ये जिथे 'एक्लेसिया' होतं तिथे सगळ्यांना 'चर्च' शब्दाची सवय होती. टिंडेलने तिथे 'काँग्रिगेशन' लिहिलं. आता एक्लेसिया म्हणजे काय? बोलावून बाहेर जमलेले लोक. अथेन्समधल्या नागरिकांच्या सभेलाही हाच शब्द होता, आणि इफिसच्या नाट्यगृहात आरडाओरडा करणाऱ्या त्या गोंधळलेल्या जमावालाही प्रेषितांच्या कृत्यांत हाच शब्द आहे. तेव्हा टिंडेलचं म्हणणं सरळ होतं. हा शब्द इमारतीचा नाही, अधिकाऱ्यांचा नाही, माणसांचा आहे. सर थॉमस मोर यांना यातला धोका बरोबर कळला. त्यांनी टिंडेलविरुद्ध पानंच्या पानं लिहिली, आणि त्यांतल्या मोठ्या तक्रारींपैकी एक या शब्दाची होती. कारण चर्च म्हणजे जमलेली माणसं, असं एकदा नांगरणाऱ्या पोराने वाचलं, की मग बिशप कशाला हा प्रश्न तो विचारणारच. 1536 मध्ये ब्रुसेल्सजवळ टिंडेलला गळा आवळून मारलं आणि प्रेत जाळलं. आरोप पाखंडाचा होता, एका शब्दाचा नव्हता, म्हणून अर्धं खरं म्हटलं. पण पुढे किंग जेम्सचं भाषांतर सुरू झालं तेव्हा भाषांतरकारांना जे लेखी नियम दिले त्यांत हे स्पष्ट होतं की 'चर्च'च्या जागी 'काँग्रिगेशन' घालायचं नाही. 1611 चं ते बायबल तसंच छापलं गेलं. टिंडेलची कितीतरी वाक्यं त्यात जशीच्या तशी घेतली, हा शब्द मात्र वगळून.

आपण मराठी ख्रिस्ती माणसं या बाबतीत नशीबवान. आपल्या शास्त्रात त्या जागी 'मंडळी' आहे. मंडल म्हणजे वर्तुळ. गोल बसलेली माणसं. कळप म्हटलं की पुढे कोणी आणि मागे कोणी असतं, वर्तुळात तसं नसतं. शिवाय हा शब्द देवळात बसलेला नाही, घरातला आहे. "काय मंडळी, जेवणं झाली का?" असं आपण म्हणतो. जुने लोक बायकोचं नाव घेत नसत, "आमची मंडळी माहेरी गेलीय" म्हणत. टिंडेलला जो शब्द जिवावर उदार होऊन घालावा लागला, तो आपल्याला जेवणाच्या पंगतीतून मिळाला. शिवाय आपल्या नगरकडच्या पुष्कळ मंडळ्या ज्या अमेरिकन मराठी मिशनमधून उभ्या राहिल्या, ते मिशन मुख्यतः काँग्रिगेशनल परंपरेचं. 1813 साली त्या परंपरेची माणसं मुंबईला उतरली. त्या परंपरेचा गाभाच हा की स्थानिक मंडळी आपला कारभार आपण करील. पाळक नेमायचा तोही मंडळीने. पाळकसाहेब हसत आहेत, त्यांना या नियमाचा अनुभव आहे!

पाळक हाही कळपातलाच शब्द, नाही का? पाळणारा. इंग्रजी 'पास्टर'चा मूळ अर्थही मेंढपाळ. शास्त्रलेखांत ही उपमा जागोजागी आहे, आणि मी तिच्याविरुद्ध बोलत नाहीये. पण यहेज्केलाचा चौतिसावा अध्याय घरी जाऊन वाचा. तिथे देव मेंढपाळांवर रागावलेला आहे, मेंढरांवर नव्हे. लोकर अंगावर घेतली, लठ्ठ मेंढरं कापली, आणि दुबळ्याला हात दिला नाही, हा त्यांचा गुन्हा. आणि लूकच्या पंधराव्या अध्यायातला मेंढपाळ नव्व्याण्णव सोडून एकाच्या मागे जातो. हिशेबाने पाहिलं तर तो वेडा आहे. 'अ‍ॅग्रिगेट' मोजणारा माणूस असं करणार नाही.

आता ज्यासाठी एवढं केलं त्या शब्दाकडे येते. जमात.

जमा, जमाव, जमणे, जमवणे हे सगळं मराठीत अरबीतून, फारसीच्या वाटेने आलं. त्याचा मूळ अर्थ गोळा होणे. नमाजाला एकत्र उभी राहणारी माणसं ती जमात. म्हणजे काँग्रिगेशनच. आपण मराठीत ते क्रियापद किती प्रेमाने घेतलं बघा. लग्न जमतं. गाणं जमतं. भाकरी जमली नाही तर सासू बोलते. "जमेल का?" म्हणजे होईल का. एकत्र येणं आणि काम होणं या दोन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे. हे कोणी ठरवून केलेलं नाही, पण मला यात फार शहाणपण दिसतं.

आणि हाच शब्द आपण आदिवासींना दिला. राज्यघटनेत ज्यांना अनुसूचित जमाती म्हटलंय त्या या जमाती. आपल्या राज्यात वारली, कोकणा, भिल्ल, पावरा, ठाकूर, महादेव कोळी, गोंड, कोरकू, आणि ज्यांना विशेष असुरक्षित मानलं जातं त्या कातकरी, कोलाम, माडिया. जमात म्हणजे एकत्र आलेले लोक. शब्द चांगला होता. त्याच्या मागे-पुढे आपण काय लावलं, ते वाईट होतं. 1871 मध्ये इंग्रज सरकारने कायदा करून काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. त्यांनी पोलिसात हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हलायचं नाही. पुढे सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना सेटलमेंटमध्ये ठेवलं, तारेच्या कुंपणात. तिथेही रोज माणसं जमत होती. हजेरीला. हे लॅटिनमधलं जुनं काँग्रिगेट, काठीवालं. आणि आपण मंडळीतले लोक आहोत म्हणून हेही बोललं पाहिजे की देशात अशा काही वसाहतींचा कारभार मिशनांच्या हाती होता. उत्तरेत मुक्तिफौजेने अशा वसाहती चालवल्या. त्यांनी शाळा काढल्या, माग दिले, दवाखाने दिले, आणि त्यांत खरं प्रेम होतं. पण कुंपण कुंपणच होतं. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, आणि त्या जमातींच्या नावापुढे आपण 'विमुक्त' लावलं. नुसतं 'जमात' म्हणून आपल्याला अजून भागत नाही.

घटना समितीत जयपाल सिंग मुंडा नावाचे सभासद होते. तुमच्यापैकी हॉकीवाल्यांना ते 1928 च्या ऑलिंपिकमधल्या भारतीय संघाचे कर्णधार म्हणून ठाऊक असतील. छोटा नागपूरचे मुंडा, ख्रिस्ती, ऑक्सफर्डला शिकलेले. डिसेंबर 1946 मध्ये त्यांनी त्या सभागृहात उभं राहून सांगितलं की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. हे ते हवेत बोलत नव्हते. मुंडा गावात अखरा असतो, नाचायची, बसायची, निवाडा करायची मोकळी जागा. आपल्या गडचिरोलीत गोटुल आहे. गोटुलबद्दल शहरात भलभलतं ऐकायला मिळतं. ते सोडा. गावाने एकत्र बसायची ती जागा आहे.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे, मेंढा-लेखा म्हणून पेपरात येतं. (मेंढा! कळपाबद्दल बोलायला निघालेल्या बाईला याहून चांगलं नाव कुठे मिळणार?) या गावाने ठरवलं की निर्णय बहुमताने घ्यायचे नाहीत, सर्वसहमतीने घ्यायचे. एक जण नाही म्हणाला तर पुन्हा बसायचं. देवाजी तोफा यांच्यासारखी गावातली माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे मित्र, यांनी वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, कायदा वाचला. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे. त्यासाठी आणखी झगडावं लागलं. 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पावतीपुस्तकासाठी दिल्लीहून मंत्री यावा लागला यावर हसावं की रडावं ते तुम्ही ठरवा. मला त्यातली वेगळी गोष्ट भावते. गाव आधी जमलं, हक्क मागाहून आला.

1996 चा पेसा कायदा यात महत्त्वाचा. तो म्हणतो की अनुसूचित क्षेत्रात गाव म्हणजे काय, तर वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, जिथे एक समाज आपल्या रूढीपरंपरेने आपला कारभार चालवतो. महसुली नोंदीतलं गाव तेच खरं, असं तो मानत नाही. चार पाडे मिळून एक ग्रामपंचायत आणि पाड्यावरच्या बाईचा आवाज तीन किलोमीटरवरच्या सभेत कधी पोचायचाच नाही, ही आपल्याकडची जुनी तऱ्हा. आता पाडा स्वतः ठराव करून गाव म्हणून घोषित व्हायला पुढे येऊ शकतो. मला हे वाचताना शर्यात मानव आठवतो. हजारो वर्षांनी सरकारी राजपत्राने 'ग्राम' शब्दाचा मूळ अर्थ परत दिला. गाव म्हणजे हद्द नव्हे, एकत्र असलेली माणसं.

पण एकत्र असायला माणसं तिथे असावी लागतात. आपल्या संस्थेचं काम ज्या कातकरी वाड्यांत आहे तिथे दिवाळी झाली की कुलुपं लागतात. कुलुपं तरी कसली, दाराला दोरी. सगळं कुटुंब, पोरंबाळं, कोंबड्या घेऊन वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातं. पावसाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायला. रायगडकडच्या अनेक वाड्या ज्या जागेवर आहेत ती जागाही त्यांच्या नावावर नाही. आता 26 जानेवारीला ग्रामसभा भरते. ठराव होतात, पाणी कोणाला, घरकुल कोणाला. आणि त्या दिवशी ही माणसं तीन जिल्हे पलीकडे चिखल तुडवत असतात. कोणी त्यांना हाकललेलं नाही, कोणी दाराशी अडवलेलं नाही. नुसत्या तारखेने सेग्रिगेट झाली.

एक ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ होते, हॅमिल्टन. 1971 मध्ये त्यांनी कळपाचं गणित मांडलं. त्यांच्या मते कळप जमतो तो प्रेमाने नव्हे, भीतीने. लांडगा आला की प्रत्येक मेंढरू दुसऱ्याच्या आड मधोमध शिरायला बघतं, आणि कडेची मरतात. मेंढरांचं ते असेल. मी नऊ वर्षं जे पाहिलं ते असं की माणसांत कडेची माणसं कोण, हे आधीच ठरलेलं असतं, आणि लांडगा यायची वाटही बघावी लागत नाही.

आता थोडं कडू बोलते, तुम्ही घरचे आहात म्हणून. आपले हितचिंतक भेटीला येतात ते नाताळच्या आसपास किंवा फेब्रुवारीत, कारण हवा चांगली असते आणि रजा असतात. मग कार्यकर्त्यांना फोन जातो, "जरा माणसं जमवून ठेवा." हे ते क्रियापद. वाडी तर रिकामी असते. मग म्हातारी माणसं, एखादी बाळंतीण, आणि शेजारच्या वाडीतून टेम्पोने आणलेले वीस जण ओळीत बसतात. ब्लँकेटं वाटली जातात, फोटो निघतो. ब्लँकेट खोटं नसतं, थंडीही खोटी नसते. पण त्या फोटोत जो दिसतो तो ग्रेक्स आहे. त्याला मी मंडळी म्हणणार नाही, आणि गावही म्हणणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी एक सुचवलं आणि समितीने ते मान्य केलं, ते सांगून बसते. या वर्षी फेब्रुवारीची भेट नाही. भट्ट्या मेअखेर बंद होतात आणि माणसं पहिल्या पावसाआधी घरी येतात. तेव्हा वाडीचे लोक स्वतः बसतात. छपरं शाकारायची असतात, उचलीचे हिशेब निघतात, भांडणंही तेव्हाच मिटवतात. त्यांनी यंदा पहिल्यांदाच ठरवलंय की त्या बैठकीत वाडीचा पेसाखालचा ठराव आणि जागेचा अर्ज घ्यायचा. आधी बायकांची बैठक होईल, मग सगळ्यांची. तारीख ते ठरवतील आणि दोनचार दिवस आधी कळवतील, त्याहून आधी कळणार नाही. आपल्यातल्या आठदहा जणांना त्यांनी बोलावलंय. भाषण करायचं नाही, वाटप नाही. कडेला बसायचं. दोघांनी अर्जाची कागदपत्रं बघायची आहेत, त्यासाठी निवृत्त तलाठी किंवा वकील कोणी असेल तर मला जेवणाच्या सुट्टीत भेटा. रस्ता शेवटचा दोन किलोमीटर पायी आहे आणि जूनमध्ये तिथे अचानक येतो, तेव्हा छत्री आणि रबरी चपला आणा.